वॉरंटीचा कागद आणि बहुजनांची वणवण

मोबाईल बंद पडला म्हणून काही कोणी मरत नाही, असे म्हणणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. ज्यांच्या घरात चार मोबाईल, दोन लॅपटॉप आणि दारात गाडी आहे, त्यांनी असे म्हणायला हरकत नाही. एक बंद पडला तर दुसरा हाती घेतला, एवढाच त्यांचा प्रश्न! पण ज्या घरात सहा माणसांत मिळून एकच मोबाईल आहे आणि तोही हप्त्यावर घेतलेला, त्या घराने काय करायचे? तो मोबाईल म्हणजे त्या घराची बँक, पोरांची शाळा, रेशनचा निरोप, मुकादमाचा फोन आणि सरकारी योजनेचा दरवाजा असतो. तो बंद पडला की घराची पाच-सहा दारे एकाच वेळी बंद होतात. हा प्रश्न चैनीचा नाही, जगण्याचा आहे, म्हणून आज या सदरात आम्ही तो मांडत आहोत.

आमचाच अनुभव सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमचा मोबाईल बंद पडला. जालन्याच्या बाजारातून पक्के बिल घेऊन विकत घेतलेला, सात महिने वापरलेला, वॉरंटीत असलेला. पडला नव्हता, आपटला नव्हता. रात्री चार्जिंगला लावला आणि सकाळी पडदा काळा. बिल घेऊन आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. टोकन घेतले, दोन तास बसलो. "मदरबोर्डचे काम आहे, इथे होत नाही, औरंगाबादला पाठवावा लागेल, सात दिवस लागतील," असे उत्तर मिळाले. सात दिवसांनी "पार्ट आलेला नाही". पंधरा दिवसांनी "वरून मंजुरी आलेली नाही". विसाव्या दिवशी निरोप आला, की मोबाईलमध्ये पाणी गेलेले आहे, त्यामुळे वॉरंटी बाद आणि दुरुस्तीला साडेपाच हजार रुपये भरा!

पाणी कधी गेले, कसे गेले, कोणी पाहिले? आतला पांढरा स्टिकर लाल झालेला आहे, एवढेच उत्तर. तो स्टिकर आम्हाला दाखवा म्हटले तर मोबाईल दुसऱ्या शहरात. फोटो पाठवा म्हटले तर तशी पद्धत नाही. लेखी द्या म्हटले तर "सिस्टिममध्ये नोंद आहे". आम्ही हटलो नाही. लेखी तक्रार दिली, कंपनीला पत्र पाठवले, कायद्याचे कलम लिहिले. मग सव्विसाव्या दिवशी तोच मोबाईल विनाशुल्क दुरुस्त होऊन आला. पाणी गेले होते, तर मग ते कुठे आटले? याचे उत्तर आजपर्यंत कोणी दिलेले नाही.

मोबाईल आला, पण आतले सगळे पुसलेले होते. त्यात आमच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या. ती गेल्याला तीन वर्षे झाली. त्या ओव्या दुसरीकडे उतरवून ठेवायला हव्या होत्या, ही चूक आमची, ती आम्ही कबूल करतो. पण मोबाईल घेताना "आतली माहिती जाऊ शकते" या ओळीखाली सही घ्यायची आणि ती ओळ इंग्रजीत, बारीक अक्षरात छापायची, याला काय म्हणायचे?

आम्ही लिहिता-वाचता येणारी माणसे. कलम माहीत होते, म्हणून सव्विसाव्या दिवशी सुटलो. पण त्याच बाकावर आमच्या शेजारी मंठा तालुक्यातला एक ऊसतोड करणारा भाऊ बसला होता. तिसऱ्यांदा आला होता. दर खेपेला एसटीचे भाडे, दर खेपेला बुडालेली मजुरी. टोळी केव्हा निघणार, हे मुकादम फोनवरच सांगतो आणि फोन तर काउंटरच्या आत पडलेला! त्यालाही "पाणी गेले" असेच सांगितले होते. त्याने वाद घातला नाही. "साहेब, पैसे नाहीत, तसाच द्या," म्हणाला आणि बंद मोबाईल रुमालात बांधून निघून गेला. हप्ते मात्र त्याचे चालूच होते. वस्तू बंद पडली म्हणून हप्ता बंद पडत नाही, हा या बाजाराचा नियम आहे.

वाचकहो, खरा प्रश्न इथे आहे. वॉरंटी एकच, कागद एकच, पण ज्याला बोलता येते त्याला ती मिळते आणि ज्याला बोलता येत नाही त्याला ती मिळत नाही. मग ती वॉरंटी कसली? ती तर बोलक्यांची सवलत झाली! बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. ज्यांना वाचा नाही त्यांचा नायक. त्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापायला तेव्हाच्या नामांकित 'केसरी'ने नकार दिला होता, हा इतिहास आहे. संपर्काची साधने कोणाच्या हातात आहेत, यावर कोण बोलणार आणि कोण मुका राहणार हे ठरते. शंभर वर्षांपूर्वी ते साधन छापखाना होते, आज ते मोबाईल आहे.

कोणी म्हणेल, मोबाईल पूर्वी नव्हता तेव्हाही माणसे जगत होतीच. जगत होती, कारण तेव्हा सरकारी काम मोबाईलवाचून होत होते. आज काय स्थिती आहे? मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने पिकाची नोंद स्वतःच मोबाईलच्या ॲपवर करावी अशी व्यवस्था झाली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि २०२५ च्या सप्टेंबरात तिच्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येणार, तो टाकला तर पुढचे पाऊल. विधवा, परित्यक्ता, शेतमजूर बाई असो, आधी मोबाईल दाखव, मग हक्क माग! शासनाने मोबाईल सक्तीचा केला, पण मोबाईल बंद पडला तर काय, याचा विचार कोणी केला? सरकार म्हणते ऑनलाईन या, कंपनी म्हणते महिनाभर थांबा आणि मधल्या मधे योजनेची मुदत संपते.

यात सरकार स्वतः किती बेजबाबदार असू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. २०१९ च्या सुमारास राज्यातल्या एक लाखाहून अधिक अंगणवाडी सेविकांना शासनाने मोबाईल दिले. दोन जीबी रॅमचे, हलक्या दर्जाचे. बालकांचे वजन, उंची, गरोदर मातांची नोंद, आहाराचा हिशेब, सगळे त्यावर भरायचे. मोबाईल तापू लागले, अडकू लागले, बंद पडू लागले. २०२१ मध्ये त्यांची वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा हजारो रुपयांचा खर्च सेविकांच्या माथी मारला जाऊ लागला. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या बाया! त्यातच मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आले, ते त्या मोबाईलवर नीट चालेना आणि त्यात माहिती मराठीतून भरता येईना. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी मोबाईल वापसी आंदोलन केले. राज्यात ठिकठिकाणी त्यांनी ते मोबाईल परत करून टाकले. "चांगला मोबाईल द्या, मराठी ॲप द्या, नाहीतर तुमची वस्तू तुम्हीच ठेवा," असे त्या बायांनी सरकारला ठणकावून सांगितले.

या आंदोलनाचे महत्त्व आम्हाला फार मोठे वाटते. एकटी सेविका बिघडलेला मोबाईल घेऊन गेली असती, तर तिलाही "पाणी गेले" असेच सांगितले असते. हजारो जणी एकत्र आल्या तेव्हा बिघाड सेविकेचा नसून मोबाईलचा आहे, हे सगळ्या महाराष्ट्राला दिसले. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा मंत्र भाषणात म्हणायला सोपा आहे. तो मोबाईलच्या काउंटरवरसुद्धा चालतो, हे या बहिणींनी करून दाखवले.

आता "पाणी गेले" या उत्तराकडे वळू. ज्याने वस्तू बनवली, त्याचाच माणूस ती तपासणार. दोष वस्तूचा की गिऱ्हाइकाचा, हे तोच ठरवणार आणि दोष गिऱ्हाइकाचा ठरला तर पैसे त्यालाच मिळणार! आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश, असा हा कारभार आहे. नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व इथेच मोडते. मोबाईलमध्ये पाणी जात नाही असे आम्ही म्हणत नाही. जाते. पावसात भिजतात, पोरे बादलीत टाकतात. अशा वेळी कंपनीने फुकट दुरुस्त करावे असा आमचा आग्रह नाही. पण पाणी गेले असे म्हणणाऱ्याने ते दाखवले पाहिजे, फोटो दिला पाहिजे, मराठीत लेखी कारण दिले पाहिजे. न दाखवता, न लिहिता, नुसत्या शब्दावर माणसाला दोषी ठरवण्याची रीत आम्हाला नवी नाही. पाण्याच्या स्पर्शाने बाटण्याची गोष्ट आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर तिचे उत्तर दिले. त्या अपमानाशी आम्ही मोबाईलची बरोबरी करीत नाही. पण पुरावा न देता निवाडा देणारी वृत्ती ओळखायला मात्र आम्ही त्याच तळ्यावर शिकलो.

दुसरी गोष्ट दुरुस्तीच्या मक्तेदारीची. जालन्याच्या बाजारात टपरीवर बसून मोबाईल दुरुस्त करणारी पोरे बघा. दलित, मुस्लिम, बलुतेदारांची पोरे. भिंगातून बघत केसाएवढी तार जोडतात. आमचा मोबाईल त्यांतल्या एकाने अर्ध्या तासात बरा केला असता, असा आमचा विश्वास आहे. पण त्याने हात लावला की वॉरंटी बाद! अस्सल सुटे भाग त्याला मिळत नाहीत, दुरुस्तीची माहितीपुस्तिका त्याला मिळत नाही. माहिती कंपनीच्या पेटीत बंद, पेटीला सील आणि सील तोडणारा गुन्हेगार. ज्ञान मूठभरांच्या हाती ठेवायचे आणि हाताने काम करणाऱ्याला त्याच्यापासून लांब ठेवायचे, ही ज्ञानबंदी या देशाने हजारो वर्षे पाहिली. जोतिबा-सावित्रीने १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढून तिला पहिला सुरुंग लावला. आता ती ज्ञानबंदी कंपनीचा कोट घालून आली आहे, एवढाच फरक.

हे केवळ आम्हीच म्हणतो असे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी नाकारतात, हा आरोप होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण प्रश्न नोंदला गेला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे संकेतस्थळ सुरू झाले. मोबाईल किती सहज दुरुस्त होतो याचा निर्देशांक छापावा, असा अहवालही २०२५ मध्ये सादर झाला. युरोपात तर जून २०२५ पासून नव्या मोबाईलचे सुटे भाग विक्री बंद झाल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन आले. तिथल्या गिऱ्हाइकाला सात वर्षे आणि आमच्या माणसाला सातव्या महिन्यात "पार्ट नाही"! पैसा दोघांचाही खराच असतो ना?

मग आमच्या माणसाने काय करायचे? रडत बसायचे नाही. कायदा आहे, तो वापरायचा. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घराने पाठ कराव्यात. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी दिल्लीची असो की परदेशातली, भोकरदनच्या माणसाला जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही, स्वतः उभे राहता येते. मुदत दोन वर्षांची. २१ दिवसांत दाखल करून घेण्याचा निर्णय झाला नाही, तर तक्रार दाखल झाली असे समजले जाते. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो, हे खरे. पण वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे, नुकसानभरपाई देणे, हे सगळे आदेश आयोग देऊ शकतो आणि आदेश मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. होणाऱ्या मनस्तापाचीही भरपाई मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगून ठेवले आहे.

आणखी एक. रिक्षावाला, भाजीवाली, टपरीवाला यांना "तुम्ही धंद्यासाठी मोबाईल वापरता, तुम्ही ग्राहक नाही" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू हा व्यापारी वापर धरला जात नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून कच्ची चिठ्ठी घेऊ नका, आयएमईआय नंबर लिहिलेले पक्के बिल घ्या. मोबाईल जमा करताना जॉबशीट वाचा. तारीख, बिघाड आणि मोबाईलची बाहेरची अवस्था त्यावर लिहून घ्या, काउंटरवरच त्याचा फोटो काढून ठेवा. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. जमेल तेव्हा आतले सगळे दुसरीकडे उतरवून ठेवा, आमच्यासारखे पस्तावू नका. घरात एक बटणाचा साधा मोबाईल ठेवा. ओटीपी सिमवर येतो, तो त्यावरही येईल. आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, तिथे मराठीत बोलता येते.

पण हे सगळे एकेकट्याने करायचे काम नाही. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, त्याचे आठ तालुके. या आठही तालुक्यांत आमचे विहार आहेत, मंडळे आहेत, शिकलेली पोरे आहेत. १४ एप्रिलला डीजे लावायला जेवढी वर्गणी निघते, तिच्या शंभराव्या भागात वर्षभर ग्राहक मदत केंद्र चालेल. रविवारी वंदना झाली की एक तास. कोणाचा मोबाईल अडकला, कोणाची शिष्यवृत्ती थांबली, कोणाला तक्रार लिहून हवी, त्याने यावे. वकिली शिकणाऱ्या पोराने अर्ज लिहावा, मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोराने बिघाड तपासावा. दहा अर्ज एकाच कंपनीविरुद्ध एकाच दिवशी आयोगात गेले, तर अकराव्याला "पाणी गेले" असे सांगण्याआधी काउंटरवाला दोनदा विचार करील.

काउंटरवाल्याविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. तो आमचा शत्रू नाही. आठ-दहा हजारांवर बारा तास उभे राहणारे ते पोर आमच्याच वस्तीतले असते. "वरून आदेश आहे" असे तो सांगतो तेव्हा खरेच सांगतो. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, त्याच्या वरच्याला जाब विचारला पाहिजे. आमच्या लढ्यात शेवटच्या पायरीवरचे दोघे एकमेकांच्या उरावर बसतात आणि वरचा मोकळा राहतो, हा खेळ आपण आणखी किती दिवस खेळायचा?

शासनाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. मोबाईल दुरुस्तीत आहे एवढ्या कारणावरून कोणाचाही अर्ज, हप्ता वा शिष्यवृत्ती थांबू नये, जॉबशीट दाखवली तर ग्रामपंचायतीत वा तहसीलमध्ये पर्यायी सोय व्हावी. वॉरंटीतल्या दुरुस्तीला तीन दिवसांहून अधिक लागले, तर कंपनीने वापरायला दुसरा मोबाईल द्यावा. वॉरंटी नाकारायची तर पुराव्यासह, मराठीत, लेखी नाकारावी. प्रत्येक तालुक्याला मोबाईल जमा करण्याचे ठिकाण असावे, म्हणजे मंठ्याच्या मजुराची मजुरी आणि भाडे वाचेल. दुरुस्तीचा काळ वॉरंटीत वाढवून मिळावा.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करीत आहोत. ती विसंगती कुठे राहते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. मतदान केंद्राच्या रांगेत आमच्या मताची किंमत आणि कंपनीच्या मालकाच्या मताची किंमत एकच. सर्व्हिस सेंटरच्या रांगेत मात्र आमच्या हातातल्या बिलाला किंमत नाही. ती किंमत मागून घ्यावी लागेल, लेखी मागावी लागेल आणि सगळ्यांनी मिळून मागावी लागेल. रुमालात बंद मोबाईल बांधून निघून गेलेला तो मंठ्याचा भाऊ पुढच्या वेळी एकटा जाता कामा नये. त्याच्यासोबत कोण जाणार, हे प्रत्येक विहाराने या रविवारीच ठरवावे.

जय भीम!